पोट निर्मळ

माझ्या आत्याला माणसं फारशी आवडत नाहीत. हे ती लपवत नाही, आणि माणसंही तिच्याविरुद्ध तक्रार करत नाहीत, कारण तिने केलेला अपमान मापं घेऊन शिवल्यासारखा अंगात बसतो. शेजारच्या निवृत्त मास्तरांना ती ‘सब्जा’ म्हणते. सब्जा घोडा जन्मतो काळा नाहीतर तांबडा आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. केसांखालची कातडी मात्र मरेपर्यंत काळी राहते. मास्तरांनी एकदा कौतुकाने अर्थ विचारला. तिने तो सांगितला. पुढचे सहा महिने मास्तर आमच्या फाटकावरून मान फिरवून जात होते.

तीस वर्षं तिने एकच काम केलं. घोड्यांची नोंदणी करणाऱ्या कचेरीत ती वर्णनं लिहायची. कुठल्याही तबेल्यात शिंगरू जन्मलं की आत्या फळी, शिसपेन्सिल आणि लाल पेन्सिल घेऊन हजर. फॉर्मवर तीन छापील घोडे असत: एक डावीकडून, एक उजवीकडून, एक नुसतं तोंड. जनावराच्या अंगावर जिथे पांढरं, तिथे छापील घोड्यावर लाल रेघ. जिथे केसांचा भोवरा, तिथे फुली. खाली शब्दांत लिहायचं: डोकं, मान, छाती, पाठ, पोट, पाय. जिथे पांढऱ्याचा लवलेश नाही तिथे कचेरीचा ठरलेला शब्द होता, ‘निर्मळ’.

शब्द फार सोयीचा. आत्याचे सहकारी जीपमधून उतरायच्या आधीच चार ठिकाणी निर्मळ लिहून मोकळे होत. पोट तर सगळ्यांचंच निर्मळ, कारण पोट बघायचं तर वाकावं लागतं. डावा हात घोड्याच्या कुशीवर ठेवायचा, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. मग एक गुडघा जमिनीला टेकायचा आणि मान खाली घालून डोकं पोटाखाली न्यायचं. त्या क्षणी घोड्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करायचा नाही. आत्या प्रत्येक घोड्याला वाकायची. जे वाकत नसत त्यांच्या कामाला तिने नाव ठेवलं होतं: उभ्याचं लिखाण.

पुढे ते नाव घोड्यांपुरतं राहिलं नाही. पाण्याची मीटरं फाटकातूनच वाचून येणारे माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, उभ्याचं लिखाण. चव न बघता वाढणारी काकू, उभ्याचं लिखाण. माझा एम.ए.चा प्रबंध तिने चष्मा लावून अकरा पानं वाचला आणि परत दिला. ‘टायपिंग छान आहे,’ म्हणाली. ‘वाकली नाहीस कुठे.’

आमच्या नात्यात कुणाला बाळ झालं की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, रंग कुणावर गेलाय? आई सांगते, आजीवर गेलाय, पण उजळेल हळूहळू. तेवढ्यात आत्या पलीकडच्या खोलीतून ओरडते, ‘शी-शू झाली का ते विचार आधी! रंग काय, भिंतीलाही असतो.’ नातेवाइकांना हे फार हलकं वाटतं. तीस वर्षं जनावरांत काढली की बाईमाणसाचं असंच व्हायचं, असं काकूचं मत आहे.

तिला एकदा बोलावणं आलं ते झेब्र्यासाठी. गावाबाहेर एका हौशी माणसाचं खासगी प्राणीउद्यान होतं. तिथल्या झेब्रिणीला पिल्लू झालं आणि त्याच्या अंगावर पट्टेच नव्हते. गडद तपकिरी अंग आणि त्यावर पांढरे ठिपके, जणू कुणी ओला कुंचला झटकला होता. व्यवस्थापकाची पाचावर धारण बसली. एक म्हणाला, शेजारच्या कुंपणातलं तट्टू आत शिरलं असणार. दुसरा म्हणाला, रात्रीतून कुणीतरी रंगवलंय. तेव्हा व्यवस्थापकाने शास्त्रीय पद्धतीने शहानिशा केली, म्हणजे बोळा घेऊन पिल्लाला रॉकेलने पुसून काढलं.

आत्या गेली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

‘बाई, हे नक्की आहे तरी काय?’ व्यवस्थापकाने विचारलं. ‘झेब्रा, की तट्टाचं?’

‘झेब्रा आहे. ठिपके नाहीत हे, तुटलेले पट्टे आहेत. झेब्रा मुळात काळा. पांढरे पट्टे त्याच्यावर मागून उमटतात. याचे उमटता उमटता राहिले. जन्माआधीचीच गोष्ट आहे, तट्टाला उगाच बदनाम करू नका.’

‘मग यात दोष कुणाचा?’

‘रंगात दोष कुणाचाच नाही. कातडी सोलवटलीय ती तुमच्यामुळे. रॉकेल तुम्ही लावलंत.’

महिन्याभरात कुंपणावर पाटी लागली, ‘जगातील एकमेव ठिपकेवाला झेब्रा’. आत्याने ती वाचली. ‘यांनी पाहिलंय तेवढंच जग,’ म्हणाली, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की तिच्या शब्दाला वजन होतं. तिने लिहिलं की झालं. ते वजन तिलाही ठाऊक होतं आणि थोडं जास्तच ठाऊक होतं.

आता ‘राजे’. हे नाव त्यांच्या नोकरांनी ठेवलेलं. तोंडावर आदराने आणि पाठीमागे त्याच शब्दाने. फरशांच्या कारखान्यातून वर आलेला हा माणूस पन्नाशीत एकाएकी घोड्यांचा शौकीन झाला. त्यांना घोड्यावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण गुडघ्यापर्यंतचे बूट ते घरातही काढत नसत. तबेल्याच्या ओट्यावर वेताची खुर्ची टाकून ते बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घोडे कसे ओळखावेत ते सांगत. त्यांची एक अबलख घोडी होती. तोंड पूर्ण पांढरं, एक डोळा निळा, दोन्ही कुशींवर पांढरे मोठे डाग, आणि पाठीवरून मात्र काळ्या रंगाची अखंड पट्टी. असल्या घोडीला त्याच जातीचे डाग असलेला घोडा लावायचा नाही, असा कचेरीचा नियम होता. नियम का आहे हे कचेरीत दोघांना माहीत होतं. त्यातली एक आत्या. राजेंचा घोडा मात्र कुमैत: तांबूस अंग, काळी आयाळ, कपाळावर एक साधा पट्टा. कागदावर बाकी सगळीकडे निर्मळ. कचेरीने कागद बघून जोड लावायची परवानगी दिली. पहिल्या वर्षी झालेलं शिंगरू धट्टंकट्टं निघालं. दुसऱ्या वर्षी पुन्हा परवानगी, पुन्हा शिंगरू.

त्या सकाळी राजेंचा फोन आला तेव्हा रिसीव्हर कानापासून हातभर दूर धरूनही शब्द ऐकू येत होते. ‘बाई! पांढरं! पूर्ण पांढरं! जन्मतःच!’

आत्या फळी घेऊन निघाली. तिचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून फळी धरायला मी बरोबर जात असे, म्हणून जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तबेल्यात फोटोग्राफर आलेला होता. राजेंची मेहुणी नवी साडी नेसून घोडीच्या इतक्या जवळ उभी होती की घोडीलाच संकोच वाटत होता. मधे ते शिंगरू. असं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. गवताच्या काड्या त्याच्या अंगावर काळ्या दिसत होत्या. नाकपुड्या गुलाबी, डोळे दोन्ही निळे, पाय आपले नसल्यासारखे टाकत ते आईच्या पोटाशी ढुशा देत होतं. माझ्या तोंडून ‘अगं बाई, किती सुंदर’ असं निघून गेलं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की ते शब्द परत गिळता आले असते तर मी गिळले असते.

‘लिहा बाई,’ राजे खुर्चीतून म्हणाले. ‘एकच शब्द लिहायचाय, त्याला काय वाकायचं?’

‘लीद टाकली का?’ आत्याने विचारलं.

सगळे हसले. मेहुणी तर पदर तोंडाला लावून हसली. ‘बघा,’ राजे म्हणाले, ‘आम्हाला दिसतो चंद्र, आणि बाईंना आल्या आल्या दिसते लीद.’

कोपऱ्यात राजेंचा मोतद्दार उभा होता. घोड्यांची निगा राखणारा, आत्याच्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस. सत्तावीस वर्षं याच धंद्यात. तो हसला नाही. ‘नाही टाकली, बाई,’ म्हणाला. ‘पहाटेपासून बघतोय. दूध पितंय, पण खाली काही नाही. डॉक्टरांनी एनिमाची पिचकारी दिली. तरी नाही.’

‘पोटाकडे वळून बघतंय?’

‘मघापासून दोनदा.’

आत्याने मान फिरवून बाजूच्या ठाणावर बांधलेल्या कुमैत घोड्याकडे पाहिलं. ‘याचंच ना हे?’

‘याचंच,’ राजे म्हणाले. ‘तुम्हीच लिहिलाय की तो. निर्मळ.’

मोतद्दाराने खाली पाहिलं. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आत्याने मात्र लाल पेन्सिल न वापरताच खिशात ठेवली.

‘फोटो काढून घ्या,’ ती राजेंना म्हणाली. ‘जितके काढायचे तितके आजच काढा.’

‘म्हणजे?’

‘उद्या मिळणार नाही.’

‘अहो, तोंडात काही शुभ असतं का नाही तुमच्या?’ मेहुणी म्हणाली. आत्या तिला काही न सुनावता जीपकडे निघाली. मला तेच जास्त विचित्र वाटलं.

शिंगरू दुसऱ्या दिवशी दुपारी मेलं. लोळून, पाय झाडून, घामाने भिजून. मोतद्दार शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, असं नंतर कळलं. राजे बसले नाहीत. बुटांना घाण लागली असती.

संध्याकाळपर्यंत गुन्हेगार ठरलाही. सकाळी काहीच सुचेना म्हणून मोतद्दाराने शिंगराला चमचाभर कोमट तेल पाजलं होतं. डॉक्टर अंग काढून घेत म्हणाले, मला विचारलं नव्हतं. एवढं पुरे झालं. ‘माझं पांढरं सोनं या गाढवाने तेल पाजून मारलं,’ असं राजे येईल त्याला सांगू लागले, आणि नुसतं सांगून थांबले नाहीत. मोतद्दाराचा बिल्ला रद्द करावा असा अर्ज त्यांनी कचेरीत दिला. तो पितळी बिल्ला नसेल तर कुठल्याही तबेल्यात काम मिळत नाही. तबेल्यामागची राहती खोली जाणार, हे तो धरूनच चालला होता. पण बिल्ला गेला तर पंचावन्नाव्या वर्षी घोड्यांशिवाय दुसरं काहीही न येणारा तो माणूस जाणार कुठे होता?

अर्जाची बातमी ऐकली त्या दिवशी आत्याने तिची पत्र्याची पेटी उघडली. तिने लिहिलेल्या प्रत्येक वर्णनाची कार्बन कॉपी त्या पेटीत असते. तिने चार वर्षांपूर्वीचा एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. राजेंचा कुमैत घोडा. दूरच्या मुलखातून कागदांशिवाय आणलेला, म्हणून इथे नव्याने नोंदलेला.

‘वाच,’ म्हणाली.

‘डोकं: कपाळावर रुंद पट्टा, नाकापर्यंत. मान: निर्मळ. छाती: निर्मळ. पाठ: निर्मळ. पोट: निर्मळ.’

‘अक्षर कुणाचं?’

‘तुझं.’

‘झालं तर.’

मग तिने सांगितलं. थोडक्यात, आणि स्वतःबद्दल बोलताना तिचा आवाज शेजाऱ्यांबद्दल बोलताना असतो तसाच होता. त्या दिवशी घोडा नाचत होता. ती कुशीवर हात ठेवून वाकणार, तेवढ्यात खुर्चीतून राजे म्हणाले, ‘बाई, वाकू नका हो. परत उठवायला क्रेन मागवावी लागेल.’ ओटाभर माणसं खिदळली. मोतद्दार म्हणाला, ‘मी धरतो घट्ट, बाई. खाली एकदा बघाच.’

‘आणि मी त्याला काय म्हटलं माहितीये? तू मला माझं काम शिकवू नकोस. पाठीवर हात ठेवून, ताठ उभी राहून लिहिलं मी ते. पोट निर्मळ.’

‘खाली काय होतं?’

‘ते मला काय माहीत? बघितलं कुठे मी? पण काहीतरी असणार. त्याशिवाय असलं शिंगरू होत नाही. आणि तो मोतद्दार रोज त्या घोड्याच्या पोटाला खरारा करतो. त्याला माहीत होतं. माहीत होतं आणि चार वर्षांत एका शब्दाने बोलला नाही.’

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ‘ताई, तुझे आठ महिने राहिलेत,’ ते म्हणाले. ‘कशाला उगाच? कुणाला काही कळणार नाहीये.’

‘तू मीटर वाच,’ आत्या म्हणाली. ‘फाटकातून.’

मीही बाबांच्याच बाजूची होते, हे इथे लिहून टाकते. मी विचारलं, घोड्याचं नाव न काढता मोतद्दाराला वाचवता येणार नाही का? असलं पांढरं शिंगरू जगत नाही, एवढंच सांगून टाक.

‘लगेच विचारतील, असलं झालं कसं? घोडा तर निर्मळ आहे. कागद काढतील. माझा कागद असताना त्या माणसाचं कोण ऐकणार?’ तिने पेटीचं झाकण लावलं. ‘तीस वर्षांत माझा कागद कधी खोटा ठरला नाही. त्याचाच फास झालाय त्याच्या गळ्याला.’

चौकशीला तिघे आले. कचेरीचे साहेब, ते पिचकारीवाले डॉक्टर, आणि निःपक्षपाती म्हणून राजेंचा साडू. तिघांना तीन खुर्च्या, राजेंना त्यांची वेताची, आणि मोतद्दार समोर उन्हात उभा, बिल्ला शर्टावर लावून. त्याने तो घासून लख्ख केला होता. ते बघवत नव्हतं.

‘तेल किती पाजलं?’ साहेबांनी विचारलं.

‘चमचाभर.’

‘कुठला चमचा? चहाचा की मोठा?’

‘मधला.’

‘मधला असा चमचा नसतो,’ साडू म्हणाला. मग घरातून तीन चमचे मागवले गेले. मोतद्दाराने त्यातला एक दाखवला. साहेबांनी तो हातात घेऊन, उलटासुलटा करून, त्याचं माप लिहून घेतलं. चमच्यावर पंधरा मिनिटं गेली. मेलेल्या शिंगरावर एकही गेलं नव्हतं.

‘कुमैत बाहेर काढा,’ आत्या म्हणाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं; फळी धरायला मला घेऊन ती आपणहून आली होती.

‘त्याचा इथे काय संबंध?’ राजे म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोतद्दाराने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घोडा सोडून आणला. ओट्यासमोर, सगळ्यांना दिसेल असा उभा केला. आत्याने डावा हात त्याच्या कुशीवर ठेवला. घोड्याच्या कातडीवरून एक थरथर गेली आणि थांबली. मग तिने गुडघा टेकला. त्याचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला. तिने मान खाली घातली आणि तिचं अर्धं पांढरं डोकं घोड्याच्या पोटाखाली दिसेनासं झालं. किती वेळ झाला कोण जाणे. घोड्याने शेपटी एकदा हलवली. 

‘पेन्सिल,’ आतून आवाज आला. ‘लाल.’

मी फळी खाली धरली. जुन्या फॉर्मवर पोटाला जागाच नव्हती, म्हणून तिने छापील घोड्याच्या पायांच्या मधल्या कोऱ्या जागेत काढलं. तळहाताएवढा डाग, कडा फाटलेल्या, पुढच्या पायांच्या जरासा मागे. चार वर्षं तो तिथेच होता. तिने ‘पोट: निर्मळ’ मधल्या दुसऱ्या शब्दावर एक आडवी रेघ मारली, बाजूला खरं वर्णन लिहिलं, आणि खाली सही केली.

उठायची वेळ आली तेव्हा तिला उठता येईना. ओट्यावरचे चौघे बघत होते. मी वाकायच्या आत मोतद्दाराने लगाम डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. ती तो धरून उभी राहिली, धूळ झटकली, आणि राजेंना म्हणाली, ‘क्रेन लागली नाही.’

राजेंना ते आठवलंही नसावं.

मग तिने साहेबांसमोर कागद ठेवला. ‘शिंगरू तेलाने मेलेलं नाही. ते पोटात असतानाच ठरलं होतं. अंगाचा रंग कातडीतच उगवत नाही, साहेब. पाठीच्या कण्यापाशी तयार होतो आणि तिथून निघून अंगभर पोचतो. आतड्यांच्या नसाही तिथूनच, त्याच वाटेने निघतात. हा असला डाग म्हणजे त्या वाटेवरची अडचण. आईबापांपैकी एकाकडूनच आली तर जनावर ठणठणीत राहतं, कुठेतरी थोडं पांढरं उरतं, एवढंच. दोघांकडून आली तर रंगही पोचत नाही आणि नसाही पोचत नाहीत. वरून पांढरंशुभ्र, आणि आतडं म्हणजे नुसती नळी. दूध आत जातं, पुढे सरकत नाही.’

‘मागच्या वर्षी याच दोघांचं झालं ते पळतंय की!’ साडू म्हणाला.

‘चारातून एकदा होतं असं. मागच्या खेपेला वाचलात.’

‘एवढ्याशा डागाने?’ राजे म्हणाले.

‘डागाने कुणी मरत नाही. डाग नुसता सांगतो. ऐकायचं काम माझं होतं. मी वाकले नाही, न बघता निर्मळ लिहिलं, आणि त्या कागदावर तुम्हाला परवानगी मिळाली. ते उभ्याचं लिखाण होतं. चूक माझी आहे. घोड्याचे केस मुळासकट प्रयोगशाळेत पाठवा, तेही हेच सांगतील.’

साहेबांचा चेहरा पडला. शिंगराचं त्यांना काही वाटत नव्हतं, पण कचेरीची चूक कागदावर येणं त्यांना सोसत नव्हतं. ‘बाई, हे आपण आत बसून बोलू,’ ते हळूच म्हणाले. ‘लिहायलाच पाहिजे असं नाही.’

‘लिहूनच चुकलंय. लिहूनच दुरुस्त होईल.’

‘म्हणजे माझं शिंगरू तुम्ही मारलंत,’ राजे म्हणाले.

मला वाटलं, आता ती त्यांना त्यांचा तो विनोद सांगेल. ओटाभर माणसं कशी खिदळली ते सांगेल. माझ्या जिभेवर आलं होतं.

‘हो,’ आत्या म्हणाली. ‘लिहून घ्या.’

दीड महिन्याने प्रयोगशाळेचं उत्तर आलं. घोडा आणि घोडी, दोघांतही तेच. मोतद्दाराचा बिल्ला शाबूत राहिला. राजेंनी त्याला काढलंच, कारण ज्याच्यावर खोटा आळ घेतला तो माणूस रोज समोर दिसणं फार गैरसोयीचं असतं. घोडीही अपशकुनी म्हणून विकली. ती विकत घेतली एका घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेने, आणि घोडीबरोबर माणूस हवा होता तेव्हा त्यांनी मोतद्दाराला ठेवलं. राजेंनी आता पोपट पाळलेत, असं ऐकते.

आत्याला कचेरीने लेखी समज दिली आणि तिची फिरती बंद केली. उरलेले आठ महिने ती आतल्या खोलीत बसून इतरांच्या फॉर्मवर शिक्के मारत होती. पोट निर्मळ, पोट निर्मळ, पोट निर्मळ. ज्यांनी कधी गुडघा टेकला नाही त्यांच्यावर शिक्के मारताना तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं आणि नवा फॉर्म दाखवला. आता त्यावर चौथा छापील घोडा होता, खालून दिसणारा, चार पाय चार दिशांना. ही कल्पना आपल्या समितीला सुचली, असं साहेब म्हणाले. आत्याने फॉर्म डोळ्यांजवळ नेला.

‘मेलेलं झुरळ दिसतंय,’ म्हणाली, आणि तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या वर्षी, एका सकाळी, आम्ही चहा पीत असताना फोन वाजला. आत्याने तो घेतला आणि नेहमीसारखा कानापासून दूर धरला. मोतद्दार होता. शाळेतली ती अबलख घोडी व्याली होती. या खेपेला घोडा त्याने स्वतः निवडला होता, पोटाखालून चांगला न्याहाळून, आणि आत्याच्या सांगण्यावरून केस तपासून. शिंगरू कसं आहे, रंग काय, नर की मादी, यातलं काहीच त्याने सांगितलं नाही.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘लीद टाकली.’

आत्याने रिसीव्हर कानाशी आणला.

‘मग मला कशाला सांगताय?’ म्हणाली. ‘उकिरड्याला सांगा.’

तिने फोन ठेवला. चहा गार झाला होता. दुसरा करू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘राहू दे, चांगला आहे,’ आणि तो तसाच गार, शेवटच्या घोटापर्यंत प्याली.